जुन्या पूल टेबलाची निगा व दुरुस्ती

मुंबईच्या उत्तरेस लागून असलेल्या मीरा-भाईंदरला एका बाजूस उत्तनचा समुद्रकिनारा, दुसऱ्या बाजूस वसईची खाडी आणि लगत मिठागरे आहेत. १९८५ मध्ये येथील ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद स्थापन झाली व २००२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. अशा वाढत्या शहरांतील गृहसंकुलांच्या आणि संस्थांच्या करमणूक कक्षांत कॅरम व टेबल टेनिस यांच्या जोडीला पूल टेबलही दिसते. खाडीकाठच्या खारट, दमट हवेत त्याचे बोल्ट गंजतात, लाकूड फुगते व कापड ओल धरते. चेंडू भलतीकडे वळू लागला की टेबल निकामी ठरवून भंगारात काढण्याचा आणि नव्याच्या खरेदीचा प्रस्ताव पुढे येतो. हा निर्णय बहुधा घाईचा असतो.

या खेळाशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेतेपद मिळवले आणि १९६४ मध्ये ते पुन्हा जिंकले. पूल हा त्याच कुळातील खेळ असून दोहोंच्या टेबलांची मूळ रचना एकच आहे.

चांगल्या टेबलाचे खरे मोल त्याच्या कापडाखालील दगडात असते. इंग्लंडमधील जॉन थर्स्टन यांनी १८२६ च्या सुमारास लाकडी फळ्यांऐवजी पाटीचा दगड, म्हणजे स्लेट, वापरण्यास सुरुवात केली. स्लेट दमट हवेने फुगत नाही व वाकत नाही. नऊ फुटी टेबलात ती साधारण एक इंच जाडीची व बहुधा तीन तुकड्यांची असते. म्हणून जुन्या टेबलाची किंमत ठरवण्यापूर्वी खालून वाकून किंवा खिशाच्या भोकातून कडा पाहावी. राखी दगड दिसल्यास ते टेबल दुरुस्तीस योग्य समजावे. तेथे भुसा दाबून केलेला तक्ता असेल व तो ओलीने फुगला असेल, तर त्यावर खर्च करणे व्यर्थ होय.

चेंडू एका बाजूस कलत असल्यास प्रथम पाणसळ लावावी. खेळाच्या आंतरराष्ट्रीय मानकात नऊ फुटी टेबलाच्या लांबीत सुमारे अर्धा मिलिमीटर व रुंदीत त्याच्या निम्मा एवढाच फरक चालतो. सुताराची साधी पाणसळ इतके सूक्ष्म दाखवणार नाही, तरी ढोबळ दोष तिने कळतो. पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या सरकवण्याची सवय सोडावी, कारण पुठ्ठा दबतो. कठीण लाकडाची पाचर वापरावी. स्लेटच्या सांध्यांत भरलेले मेण निघाले असल्यास जुने खरवडून वितळलेले मधमाशीचे मेण ओतावे व थंड झाल्यावर पृष्ठभागाच्या पातळीत तासून घ्यावे. टेबल न उकलता ओढत दुसऱ्या खोलीत नेल्यास हेच सांधे सुटतात.

सर्वाधिक चुका कुशनच्या बाबतीत होतात. कडेला आदळलेला चेंडू निर्जीवपणे परतला की रबर गेले, असे मानले जाते. प्रत्यक्षात कडेचे लाकूड स्लेटला जखडणारे बोल्ट सैल झाले असले तरी नेमके तेच लक्षण दिसते. म्हणून आधी खालून सर्व बोल्ट आवळावेत. गंजलेले असल्यास बदलावेत. नंतर चेंडू लांबीच्या दिशेने जोराने मारून पाहावा. चांगल्या टेबलावर तो चार ते साडेचार लांब्या पार करतो. बोल्ट आवळूनही फरक पडला नाही आणि रबर बोटाने दाबल्यास कडक लागले अथवा त्याला भेगा दिसल्या, तरच ते बदलावे. बदलताना सहाही कडांचे रबर एकदम घ्यावे. नवे व जुने मिसळल्यास प्रत्येक कड वेगळी उसळी देते. नवे रबर जुन्याच घडणीचे हवे, कारण पूलचा चेंडू ५७ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि कुशनचे टोक त्याला सुमारे ३६ मिलिमीटर उंचीवर लागले पाहिजे. स्नूकरचा चेंडू ५२.५ मिलिमीटरचा असल्याने त्या टेबलाचे रबर येथे चालत नाही. दुकानदार ‘सगळे सारखेच’ म्हणाला तरी माप घेऊनच खरेदी करावी.

कापड मात्र झिजणारच. ते मऊ ब्रशने नियमित झाडावे, पाण्याने कधीही पुसू नये. शेजारीच कॅरम चालत असेल तर त्याची बोरिक पावडर हातांमार्फत कापडात जाऊन बसते. दोन्ही खेळांच्या जागा दूर ठेवणे हिताचे. कापड फाटल्यास किंवा पातळ पडल्यास प्रथम कडा व खिसे सोडवून ते काढावे, जुन्या पिना व गोंद साफ करावेत, पातळी पुन्हा तपासावी आणि मगच नवे कापड सर्व बाजूंनी सारख्या ताणाने बसवावे. रबर बदलायचे असल्यास ते याच वेळी उरकावे, म्हणजे कडा दोनदा उकलाव्या लागत नाहीत. खिशांची फाटलेली जाळी अथवा चामडे स्वतंत्रपणे बदलता येते व त्यास फारसा खर्च येत नाही.

हे काम पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावर काढावे. जून ते सप्टेंबरच्या ओलसर हवेत कापडाचा ताण नीट कळत नाही.