पहिल्या सेमिस्टरचे कानमंत्र

बाळा, इंजिनिअरिंगला प्रवेश झाला, पेढे वाटून झाले. आता होस्टेलची बॅग भरता भरता आत्याचं थोडं ऐक. अभ्यासात अडथळा नको म्हणून तबला घरी ठेवून निघालायस म्हणे. तो आधी बॅगेशेजारी आणून ठेव, मग बोलू.

१. तबला सोबत ने आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी तरी वाजव – तुझं गणित त्याच्या शाईतच दडलंय. नुसतं ताणलेलं चामडं वाजवलं तर त्यातून उठणारे स्वर एकमेकांच्या पटीत नसतात. मधली काळी शाई त्यांना पटीत आणते. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये यावरच लिहिलं होतं. गणितात फुरिअर सिरीज आली की बघ, ती तुझ्या ओळखीची निघेल.

२. गणिताचं रोज एकच उदाहरण सोडव, पण पुस्तक मिटून आणि कागदावर – व्हिडिओत सर सोडवतात तेव्हा सगळंच सोपं वाटतं, पेपरात मात्र हात तिसऱ्या ओळीवर अडतो.

३. मेकॅनिक्समध्ये आधी बाण, मग समीकरण. फ्री बॉडी डायग्राम काढल्याशिवाय आकड्याला हात लावू नकोस – एक बल राहून गेलं की पुढची दोन पानं वाया.

४. कॅल्क्युलेटर डिग्रीत आहे की रेडियनमध्ये, हे पेपर हाती येण्याआधी बघ. ३० चा साइन ०.५ आला तर डिग्रीत आहे.

५. एकक विसरलं की उत्तर घसरलं – १९९९ साली ‘नासा’चं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी गमावलं, कारण एकाने आवेगाचे आकडे पौंड-सेकंदांत दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंदांत धरले. एवढी मोठी माणसं चुकतात, तर तू प्रत्येक ओळीशेजारी एकक लिहायला लाजू नकोस.

६. काचेखाली बल्ब लावून मित्राची ड्रॉइंगची शीट गिरवायची, त्याला जीटी म्हणतात, हे तुला पहिल्या महिन्यातच कुणीतरी शिकवेल. शिकू नकोस. काचेवरून उतरलेली रेघ डोक्यात उतरत नाही – आणि परीक्षेच्या हॉलमध्ये काच नसते.

७. लेथचं बटण दाबण्याआधी चकची चावी काढलीय का बघ, बाह्या वर घे, हातमोजे घालू नकोस – राहिलेली चावी उडून अंगावर येते, आणि कापड अडकलं तर मशीन हातालाही ओढतं. बाकी कशात चालढकल कर, यात नको.

८. प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही त्याच आठवड्यात घे – सबमिशनच्या दिवसांत सरांच्या टेबलापुढे रांग असते आणि झेरॉक्सवाल्याकडे त्याहून मोठी.

९. रोबोकॉनचा रोबोट, बाहाची गाडी, नाटक, सगळीकडे नाव घालशील, ओळखते मी तुला! एकच निवड. पहिलं वर्ष सिनिअरच्या शेजारी बसून वायरी सोल्डर कर, आणि परीक्षेच्या दिवसांत येणार नाहीस हे आधीच सांगून ठेव – न सांगता गायब झालास तर तुझं काम दुसऱ्याच्या गळ्यात पडतं.

१०. मेसची भाजी आवडली नाही तरी जेव.

११. विषय राहून केटी लागलीच तर त्याच दिवशी घरी सांग – बाबांचा राग संध्याकाळपर्यंत उतरतो, परीक्षेच्या फॉर्मची तारीख मात्र थांबत नाही. धीर होत नसेल तर आधी मला फोन कर, मी बोलेन त्यांच्याशी.