पाग विकत घेताना दुकानांची तुलना

पावसाच्या तोंडावर कर्जतजवळील भिसेगाव व आसपासच्या वाड्यांतून पाग, म्हणजे फेकजाळे, विकत घेण्याची लगबग सुरू होते. उल्हास नदीच्या खोऱ्यात पहिल्या पुराबरोबर मासळी प्रवाहाविरुद्ध ओहळांत व भातखाचरांत चढू लागते. ही वलगण थोडेच दिवस टिकते. त्या दिवसांत पाग फाटली किंवा पाण्यात नीट उघडलीच नाही, तर दुसरी आणीपर्यंत हंगाम सरतो आणि उधारीवर घेतलेल्या जाळ्याचे देणे मात्र अंगावर राहते. वलगणीची मासळी अंडी घालण्यास निघालेली असते. तिच्यावरच सर्व भिस्त ठेवणे पुढील वर्षाच्या मासळीस मारक होय. पाग पुढे नदीत व शेततळ्यांतही वापरावयाची असते, हे ध्यानात धरूनच तिची निवड करावी.

कर्जतच्या बाजारातील दुकान जवळ पडते. कल्याणला लोकलने व पनवेलला एस. टी.ने जाता येते. अलीकडे इंटरनेटवरूनही जाळे घरपोच मागविता येते. प्रत्येक ठिकाणी निराळा भाव सांगितला जातो व जेथे आकडा लहान तेथे माल स्वस्त, असा समज होतो. परंतु बहुधा प्रत्येक दुकानदार निराळ्याच वस्तूचा भाव सांगत असतो. एक नगावर विकतो, दुसरा किलोवर, तर तिसरा शिसे वगळून. हे सर्व भाव एका मापावर आणल्याखेरीज त्यांची तुलना होऊच शकत नाही.

पहिले माप घेराचे. दुकानात “चार मीटरची पाग” असे सांगतात, ती केवळ शेंड्यापासून शिशाच्या दोरीपर्यंतची लांबी असते. काही ठिकाणी ही लांबी हातांत सांगतात. तेव्हा हात कोणाचा, हेही विचारावे! चार मीटर लांबीची पाग पूर्ण पसरावयाची तर शिशाच्या दोरीचा घेर सुमारे 25 मीटर हवा. अशी पाग जवळजवळ 50 चौरस मीटर पाणी झाकते. लांबी तेवढीच ठेवून घेर 20 मीटर केला, तर झाकले जाणारे क्षेत्र 32 चौरस मीटरच भरते. आता समजा, पहिली पाग 2,500 रुपयांस व दुसरी 1,900 रुपयांस मिळते. पहिलीचा दर चौरस मीटरला 50 रुपये पडतो, तर दुसरीचा सुमारे 59. म्हणजे सहाशे रुपयांनी स्वस्त दिसणारी पाग वास्तविक महाग आहे. हा कागदावरील हिशेब झाला. कडेची पिशवी व फेकणाऱ्याचा हात यांमुळे प्रत्यक्ष क्षेत्र कमी भरते. तथापि दोन जाळ्यांची तुलना करण्यास तो पुरेसा आहे. याकरिता दुकानात जाताना मोजपट्टी जवळ ठेवावी. इंटरनेटवरील वर्णनात घेर दिला नसेल, तर विचारल्यावाचून पैसे पाठवू नयेत.

दुसरे माप धाग्याचे. 9,000 मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. 210/2/3 या अंकांचा अर्थ 210 डेनियरच्या सहा धाग्यांचा पीळ, तर 210/1/3 म्हणजे तीन धाग्यांचा. त्याच आसाचे व त्याच मापाचे जाळे पहिल्या धाग्यात जवळजवळ दुप्पट वजनाचे होते. म्हणून धाग्याचे अंक व आस दोन्ही सारखे असतील तेव्हाच किलोच्या भावाची तुलना करावी. आस, म्हणजे जाळ्याचे भोक, कोणी ताणून समोरासमोरच्या गाठींमध्ये मोजतो, तर कोणी एकाच बाजूवर. दुसऱ्या रीतीने आकडा निम्मा येतो. सारख्याच आकड्याची दोन जाळी त्यामुळे अगदी भिन्न निघतात. अतिबारीक आसाचे जाळे स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. त्यात बोटाएवढी पिले सापडून पुढची मासळीच संपते. समुद्रकिनाऱ्यावरील दुकानांत समुद्रातील मासेमारीसाठी बनविलेले जाड धाग्याचे जाळे असते. ते कितीही टिकाऊ असले तरी ओहळात फेकण्यास जड पडते.

शिशाचे वजन घेराच्या दर मीटरमागे काढावे. 20 मीटर घेरास चार किलो शिसे म्हणजे मीटरला 200 ग्रॅम. वाहत्या पाण्यास जड पाग लागते, शेततळ्यास हलकी चालते. शिशाऐवजी लोखंड वापरलेले असल्यास ते गंजून खरखरीत होते व धागा कापते. शिशाच्या गोळ्या दाताने दाबून बसविण्याची सवय मात्र सोडावी, कारण शिसे विषारी आहे.

गळांच्या बाबतीत जुना गळच नमुना म्हणून सोबत न्यावा. साध्या क्रमांकांत आकडा वाढतो तसा गळ लहान होतो, 1/0, 2/0 या क्रमांकांत मात्र मोठा होतो. शिवाय निरनिराळ्या कारखान्यांचे एकाच क्रमांकाचे गळ तंतोतंत सारखे नसतात.

किंमत ठरविताना प्रवासखर्च, बुडालेली मजुरी, टपालखर्च व उधारीचा वाढावा ही रक्कम किंमतीत मिळवावी. एका पागेसाठी कल्याणला जाणे सहसा परवडत नाही; पण वाडीतील पाचसहा घरांनी एकत्र येऊन एकास पाठविले तर खर्च वाटला जातो व घाऊक भावही मागता येतो. वाडीत जाळे विणणारा जाणता माणूस असल्यास त्यालाच पाठवावे. तो गाठ ओढून पाहील आणि सरकणारी गाठ ओळखील.

पावती अवश्य घ्यावी व तीवर लांबी, घेर, आस आणि धाग्याचे अंक लिहवून घ्यावे. बंद पाकिटावरील छापील किंमतीहून अधिक पैसे मागता येत नाहीत. कमी मागण्यास ग्राहकाला मुभा आहे. माल सांगितल्याप्रमाणे नसल्यास 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दाद मागता येते व 1915 या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा क्रमांक फलकावर लिहून ठेवावा. आणलेली पाग वापरानंतर धुऊन सावलीत वाळवावी, कारण उन्हाने नायलॉनचा धागा कमजोर होतो.