गवत कुठे झिजतं, ते बघा

प्रश्न : शाळेत असल्यापासून मी विम्बल्डनचा एकही दिवस चुकवलेला नाही. पूर्वी जाळ्याकडे जाणारी झिजलेली वाट दिसायची. आता फक्त बेसलाइनवर माती उघडी पडते. असं का?

उत्तर : तुमची नजर पक्की आहे. ती वाट सर्व्हिस करून जाळ्याकडे धावणाऱ्यांच्या पावलांनी पडायची. 2001 च्या अंतिम सामन्यात इव्हानिसेविच आणि राफ्टर दोघेही तसेच खेळले. पुढच्याच वर्षी ह्युइट आणि नालबांडियान बेसलाइनवरून लढले.

यात गवताचा वाटा मोठा आहे. पूर्वी राय गवतात फेस्क्यू मिसळलेलं असायचं. 2001 पासून शंभर टक्के बारमाही राय. ते चिवट, दोन आठवडे तुडवलं तरी तग धरणारं. खालची माती घट्ट राहते, म्हणून चेंडू नीट उसळतो आणि समोरच्याला फटका मारायला वेळ मिळतो. त्यात रॅकेटला पॉलिएस्टरच्या तारा आल्या. जोरदार टॉपस्पिनचा चेंडू जाळ्याशी उभ्या खेळाडूच्या पायांत उतरू लागला. मग पुढे जायची हिंमत कोण करणार? मला त्या खेळाची फार आठवण येते.

यंदा पहिल्या सोमवारी आणि शेवटच्या रविवारी टीव्हीवर बेसलाइनच्या मधोमध बघा. आधी 8 मिलिमीटर उंचीचं हिरवंगार, ओलसर गवत, त्यावर खेळाडूंचे पाय सटकतात. शेवटी तिथेच तपकिरी पट्टा, पाय रोवायला भक्कम. छप्पर बंद असेल तर मात्र आतल्या दमटपणाने गवत पुन्हा निसरडं होतं. तेव्हा दिशा बदलताना खेळाडू किती छोटी पावलं टाकतो, ते पाहा.