स्केचअपमध्ये अचूक काढायचा खर्च किती?

स्वयंपाकघराची कपाटं करून घ्यायची ठरली की हल्ली घरातलंच कुणीतरी लॅपटॉपवर स्केचअप उघडून बसतं. चित्र देखणं होतं, मापं मिस्त्रींच्या हातात जातात, प्लाय कापला जातो आणि ड्रॉवर काही चॅनेलवर बसत नाही. मग खापर फुटतं फुकटच्या सॉफ्टवेअरवर. खरं तर चूक बहुतेक वेळा टेप धरताना, नाहीतर माउस ओढताना झालेली असते. म्हणून पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे आणि कुठे फक्त सवय लावून घ्यायची, याचा हा हिशेब.

सॉफ्टवेअर: सुरुवात शून्य रुपयांपासून

ब्राउझरमध्ये चालणारी ‘स्केचअप फ्री’ खातं उघडलं की वापरता येते. स्वतःच्या घरातला ओटा, कपाट, दिवाण काढायला ती पुरते. पण तिचा परवाना वैयक्तिक कामापुरताच आहे. ग्राहकाकडून पैसे घेऊन ड्रॉइंग करणार असाल, तर ‘गो’ किंवा ‘प्रो’ घ्यावं लागतं. २०२३ मध्ये अमेरिकेतला दर गोसाठी वर्षाला ११९ डॉलर आणि प्रोसाठी ३४९ डॉलर होता. हे आकडे अंदाजापुरते धरा. घेण्याच्या दिवशी भारतातला दर बघा आणि जीएसटी त्यात धरलाय का, तेही तपासा.

प्रोमध्ये जास्तीचं मिळतं ते म्हणजे एक्स्टेन्शन, छापील ड्रॉइंगसाठी लेआउट आणि ऑटोकॅडच्या फाइलींची देवाणघेवाण. रेघ कोपऱ्याला नेमकी चिकटवण्याची सोय फ्रीमध्येही तीच आहे. अचूकतेसाठी म्हणून प्रो घेण्याची गरज नाही.

फ्रीकॅड हा दुसरा पर्याय व्यावसायिक कामालाही फुकट आहे, त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. त्यात प्रत्येक रेघेला माप आणि दिशा बांधून द्यावी लागते आणि आकृती पूर्ण बांधली गेली की ती हिरवी होते. शिकायला वेळ जास्त लागतो, पण माप नकळत सरकण्याची भीती राहत नाही.

साधनं: इथे हात आखडू नका

* चाकाचा माउस: साधारण ३०० ते ६०० रुपये. टचपॅडवर मॉडेल फिरवताना भलताच बिंदू पकडला जातो.
* पाच मीटरची टेप: साधारण २०० ते ४०० रुपये. पट्टीवर रोमन ‘II’ छापलंय का बघा. या दर्जाच्या टेपला पाच मीटरमागे १.३ मिमी फरक मान्य असतो. टोकाचा हूक थोडा हलतो तो बिघाड नव्हे. आतून आणि बाहेरून दोन्ही मापं बरोबर यावीत म्हणून तो हुकाच्या जाडीइतका सैल ठेवलेला असतो.
* लेझर मीटर: साधारण २,००० ते ५,००० रुपये. बहुतेकांची अचूकता अधिक-उणे २ मिमीच्या आसपास. एकाच खोलीसाठी विकत घेण्यापेक्षा मिस्त्रींकडचा वापरावा.

भिंतींची लांबी घेऊन थांबू नका, दोन्ही कर्ण मोजा. ३ मीटर बाय ४ मीटर खोलीचे दोन्ही कर्ण ५ मीटर भरले तरच खोली काटकोनात आहे. फरक आला तर खोली आहे तशी तिरपी काढा. स्क्रीनवर चौकोन नीटनेटका दिसावा म्हणून भिंत सरळ केलीत, तर शेवटच्या कपाटामागे फट राहील.

सवयी: फुकट, पण रोज पाळायच्या

मॉडेल इन्फोमधल्या युनिट्समध्ये मिलिमीटर निवडा आणि दशांशानंतर किमान एक आकडा दिसू द्या. पूर्णांकच दिसत असतील, तर ६००.४ मिमीची फळी ‘~ ६०० मिमी’ अशी दिसते. आकड्याआधीची ती नागमोडी खूण म्हणजे इशारा: खरं माप वेगळं आहे. अशी पाच कपाटं शेजारी लागली की २ मिमी जास्त भरतात. तिथेच ‘लेंग्थ स्नॅपिंग’ बंद करा, नाहीतर माउस ओढताना लांबी ठरावीक टप्प्यांत उड्या मारते.

माप कधीही ओढून ठरवू नका. रेघ सुरू करा, दिशा दाखवा, आकडा टाइप करा, एन्टर दाबा. दिशा पक्की करायला बाणाच्या कळा आहेत: उजवा बाण लाल अक्षासाठी, डावा हिरव्यासाठी, वरचा निळ्यासाठी. दिशा पक्की करायचा कंटाळा महागात पडतो. तीन मीटरच्या रेघेत एक अंशाचा कल राहिला तर दुसरं टोक ५२ मिमी सरकतं. अंशाचा दहावा भाग चुकला तरी ५ मिमी.

टोकाला जोडताना हिरवा ठिपका दिसल्याशिवाय क्लिक करू नका. आकाशी ठिपका मध्यबिंदूचा, लाल कडेवरचा, निळा पृष्ठभागावरचा. स्क्रीनवर कोपऱ्याला टेकलेला दिसणारा बिंदू प्रत्यक्षात हातभर मागे असू शकतो, म्हणून जोडल्यावर मॉडेल फिरवून बघा. आणि प्रत्येक फळी पूर्ण झाली की लगेच तिचा ग्रुप किंवा कंपोनंट करा. तसं न केल्यास शेजारच्या रेघा एकमेकींना चिकटतात आणि एक फळी हलवली की दुसरी ताणली जाते.

चूक झाली तर किती?

६०० मिमी रुंद कपाट घ्या. बाजूच्या फळ्या १८ मिमीच्या धरून आतली जागा ५६४ मिमी येते. साध्या टेलिस्कोपिक चॅनेलला प्रत्येक बाजूला १२.७ मिमी लागतात, म्हणून दोन्हींचे मिळून २५.४, थोडी मोकळीक धरून २६ वजा केले की ड्रॉवर ५३८ मिमीचा. कागदावर हिशेब चोख. पण प्लायला दोन्हीकडून लॅमिनेट लागलं की जाडी जवळपास २० मिमी होते, आतली जागा ५६० उरते आणि ड्रॉवर ५३४ चा हवा. ५३८ चा केलात, तर बाजूला ११ मिमीच राहतात आणि चॅनेल बसत नाही.

आठ बाय चार फुटांची शीट ३२ चौरस फूट. दर चौरस फुटाला १०० रुपये धरला तरी एक शीट वाया जाणं म्हणजे ३,२०० रुपये. लॅमिनेट आणि मजुरी वेगळी. मॉडेलमध्ये लॅमिनेटसह खरी जाडी टाकायला पाच मिनिटंही लागत नाहीत. आणलेल्या प्लायचा आणि लॅमिनेटचा तुकडा व्हर्नियरने मोजा आणि तोच आकडा वापरा.

दुसऱ्याकडून काढून घेताना

दर ठरवण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: जागेवर येऊन मापं कोण घेणार, दुरुस्त्या किती वेळा फुकट, कटिंग लिस्ट मिळणार का, आणि मूळ फाइल तुमच्याकडे राहणार का. नुसती रंगीत चित्रं स्वस्तात मिळतात, पण मिस्त्रींना त्यावरून काही कापता येत नाही.

कटिंगला देण्याआधी

डेस्कटॉप आवृत्ती असेल तर कडांना अक्षाप्रमाणे रंग द्या. सरळ असायला हवी ती रेघ काळी दिसली की ती तिरपी आहे. फ्रीमध्ये काम करत असाल तर पॅरलल प्रोजेक्शन लावून वरून आणि समोरून बघा आणि मोक्याची अंतरं टेप टूलने तपासा. मग एका कपाटाची सगळी रुंदी बेरजेने जुळवा: बाजू, चॅनेल, ड्रॉवर, चॅनेल, बाजू. बेरीज जुळली तरी सगळी शीट एकदम कापू देऊ नका. आधी एकच ड्रॉवर करून चॅनेलवर बसवायला सांगा आणि तो सुरळीत सरकला की बाकीच्यांना हात घाला.