निजलेल्या मुलाचा श्वास

लहान मूल घोरू लागले की घरातील मंडळी कौतुकाने हसतात. ‘अगदी आजोबांवर गेलाय,’ असे कोणी म्हणते, तर ‘दिवसभर हुंदडून दमलाय, गाढ झोपलाय,’ असे आई म्हणते. परंतु रोज रात्री घोरणारे मूल गाढ झोपलेले असतेच असे नाही. पुष्कळदा ते श्वासासाठी झगडत असते. या विषयाची ओळख करून देणे, हा या लेखाचा हेतू आहे.

घोरण्यामागचे शास्त्र

आपण जागे असतो तेव्हा घशाचे स्नायू ताणलेले असतात व श्वासमार्ग मोकळा राहतो. झोपेत हे स्नायू सैल पडतात. मुलांचा श्वासमार्ग मुळातच अरुंद असतो. त्यातच घशाच्या दोन्ही बाजूंस टॉन्सिल्स आणि नाकाच्या मागे ॲडेनॉइड या ग्रंथी असतात. साधारणतः तीन ते सात वर्षे या वयात त्या आकाराने बऱ्याच मोठ्या असतात. त्या फाजील वाढल्या, तर झोपेत हवेची वाट अडते. छाती-पोट हलत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू कमी होतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मूल दचकून मोठा श्वास घेते आणि पुन्हा झोपते. रात्रभर हेच चक्र चालते. सकाळी मुलाला यातले काही आठवत नाही. मात्र त्याची झोप झालेली नसते.

वैद्यकशास्त्राने हे कोडे हळूहळू उलगडले. कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मेयर यांनी 1868 साली ॲडेनॉइडच्या वाढीचे वर्णन केले. 1976 साली गिलेमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपेत श्वास अडणाऱ्या आठ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. 1981 साली ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावरील मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवण्याची पद्धत मांडली.

वर्गातील खुणा

प्रौढ माणसाची झोप झाली नाही तर तो पेंगतो. मूल मात्र अनेकदा उलटे वागते: चुळबूळ करते, चिडते, धड्यावर लक्ष देत नाही. शिक्षक त्याला ‘द्वाड’ किंवा ‘मठ्ठ’ ठरवतात. म्हणून पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात: आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री घोरणे, मध्येच श्वास थांबून धापेसह सुरू होणे, तोंड उघडे ठेवून वा मान मागे टाकून झोपणे, झोपेत फार घाम येणे, पूर्वी थांबलेले अंथरुण ओले करणे पुन्हा सुरू होणे, सकाळी डोके दुखणे, वजन व उंची न वाढणे. दुखणे तीव्र असून दुर्लक्षित राहिले, तर हृदयावरही ताण येऊ शकतो.

तज्ज्ञ काय करतात?

प्रथम बालरोगतज्ज्ञ व कान-नाक-घसा तज्ज्ञ मुलाला तपासतात. गरज भासल्यास रात्रभराची निद्रा-चाचणी होते. तीत मेंदूच्या लहरी, छातीची हालचाल, नाकातील हवेचा प्रवाह आणि रक्तातील प्राणवायू यांची नोंद होते. प्रौढांत तासाला पाचपर्यंत अडथळे सामान्य धरतात; मुलांत मात्र तासाला एकाहून अधिक अडथळा असला तरी तो दोष मानतात.

ग्रंथी कारणीभूत असतील तर त्या शस्त्रक्रियेने काढतात. अमेरिकेत 464 मुलांवर केलेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 79 टक्के मुलांची निद्रा-चाचणी सात महिन्यांनी निर्दोष आली. केवळ देखरेखीखाली ठेवलेल्यांतही 46 टक्के मुलांची चाचणी निर्दोष आली. यावरून दोन गोष्टी कळतात: शस्त्रक्रिया गुणकारी आहे, आणि प्रत्येक मुलाला ती तातडीने लागतेच असे नाही. हा निर्णय तज्ज्ञांनीच करावयाचा असतो.

जोयडा आणि गडचिरोली

आपला जोयडा तालुका विस्ताराने मोठा, वस्तीने विरळ. रानातल्या वाड्या एकमेकींपासून दूर; पावसाळ्यात ओहोळ फुगले की वाट बंद. तज्ज्ञ गाठायचा तर अणशी घाट उतरून कारवार, नाहीतर हुबळी, बेळगाव किंवा गोव्यातील बांबोळी. मजुरी बुडवून एवढा प्रवास करायचा, तर तो कधी करावा हे घरच्यांना कळले पाहिजे.

येथे गडचिरोलीचे उदाहरण मार्गदर्शक ठरते. तोही असाच जंगलाचा मुलूख. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 1986 साली तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. गावातल्याच कार्यकर्त्यांना व सुईणींना त्यांनी मुलांचा न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले. निरक्षर सुईणींसाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन तयार केले: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपण्याआधी मणी संपले तर न्यूमोनिया समजायचा. 1990 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात या कामाचा अहवाल आला. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तेथे निम्म्यावर आले होते.

ही मोजणी आपणही शिकू शकतो. मूल शांत वा झोपलेले असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांखालील बाळात 60, दोन महिने ते एक वर्ष 50, आणि एक ते पाच वर्षांत 40 किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, ओठ निळे पडले असतील किंवा बाळ अंगावर पीत नसेल, तर क्षणाचाही विलंब नको. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ‘पोट उडते’ म्हणून बाळाला डागणे ही तर क्रूरता होय. त्याने आजार हटत नाही, जखम मात्र होते आणि मोलाचा वेळ जातो.

आपण काय करू शकतो?

तान्ह्या बाळाला नेहमी पाठीवर निजवावे. चुलीच्या धुरात मुलांना निजवू नये. धूर नाक व छाती दोन्ही बिघडवतो. घोरणाऱ्या मुलाचे झोपेतील चित्रण मोबाइलवर एक-दोन मिनिटे करून डॉक्टरांना दाखवावे. दिवसा तपासताना न दिसणारी गोष्ट त्यात दिसते. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत व शाळेत येतात, तेव्हा अशा मुलाचे नाव शिक्षकांनी आवर्जून सांगावे.

विद्यार्थी मित्रांनो, निद्रा-चाचणीचे यंत्र आपल्या गावात नाही. पण घड्याळ प्रत्येक घरात आहे आणि धाकटे भावंडही बहुतेकांच्या घरी आहे. सुट्टीत घरी जाल तेव्हा एका रात्री त्याच्या उशाशी बसा, आणि त्याचा श्वास ऐका. तो संथ व निःशब्द असेल तर निश्चिंत निजा. अडखळत असेल, तर सकाळी आईवडिलांना सांगा. तज्ज्ञाकडे जाणारी वाट तिथूनच सुरू होते.