फरशी बदलताय? आधी खालची जमीन बघा
ताईंनो, गटातून कर्ज काढून फरशी बसवताय ना? गवंडी म्हणाला, "जुन्यावरच बसवू, लवकर होईल," तर थांबा. आधी जुनी शहाबादी काठीने ठोकून बघा. पोकळ आवाज आला म्हणजे खालची माती खचलीये. नवी टाईल तिथेच तडकणार. ती पहारीने हळू उचला, अखंड निघाली तर मोरीला कामी येते. खालचा सुटा माल सगळा खरवडा, उंदरांची बिळं बुजवा, मुरूम टाकून पाणी मारा आणि धुमसाने ठोका. वर सिमेंटचा कोबा घातला की निदान 7 दिवस पाणी मारायचं. घाई नेमकी इथेच होते, कारण तोवर चूल कुठे मांडायची हा प्रश्न आपल्यालाच पडतो! शेजारणीशी आधीच बोलून ठेवा. गवंड्याचे शेवटचे पैसे मात्र नवी फरशी ठोकून बघितल्यावरच द्या.