हात कुठं पडतो ते आधी बघावं

कळंबा आता गाव कमी आणि कोल्हापूरचं उपनगर जास्त झालंय. संस्थानकाळापासून शहराला पाणी देणारा तलाव आहे, मध्यवर्ती कारागृह आहे, आणि या दोहोंच्या आसपासची जुनी घरं एकामागून एक उतरवली जात आहेत. त्या घरांतल्या वस्तू मी संगणकावर काढते. घंगाळ, बंब, विळी, अडकित्ता, फिरकीचा तांब्या, मिसळणाचा डबा. रेषा इंकस्केपमध्ये, रंगकाम बहुतेक वेळा क्रिटामध्ये. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. काम करता करता जे उमगत गेलं, ते लिहून ठेवते आहे.

१. वस्तूचा आकार तिच्या वापरात दडलेला असतो, आणि वापर फोटोत दिसत नाही. जातं काढायला घेतलं तेव्हा माझ्याकडे फोटो होते, मापंही होती. तरी शेजारच्या आजींकडे गेले. त्यांनी फोटोवर नुसती नजर टाकली. मग जमिनीवर बसल्या, एक पाय पसरला, दुसरा दुमडला आणि नसलेला खुंटा धरून हात फिरवायला लागल्या. म्हणाल्या, "हात कुठं पडतोय ते आधी बघ की गं." समोर दुसरी बाई बसली की तिचाही हात त्याच खुंट्यावर येणार, म्हणून खुंट्याला तेवढी उंची हवी. दळण पहाटेच्या अंधारात व्हायचं, म्हणून वैरण घालायचं तोंड न बघता बोटांना सापडलं पाहिजे. दगडाची टाकी झिजली की पीठ भरड पडायला लागतं, हेही त्यांनी बसल्या बसल्या सांगितलं. त्या दिवशी मी एकही रेष काढली नाही. पण नंतर जे जातं काढलं, त्यात खुंट्याचा मधला भाग मी तुकतुकीत केला आणि वरचं टोक खरबरीत ठेवलं. आजींनी चित्र बघून त्याच भागावर बोट ठेवलं.

२. वक्ररेषा जेवढ्या कमी बिंदूंवर उभी राहील तेवढी ती जिवंत वाटते. सॉफ्टवेअरमधली ही वक्ररेषा मोटारींच्या कारखान्यातून आली. फ्रान्समधल्या रेनो कंपनीतले अभियंते पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात गाड्यांच्या पत्र्यांचे आकार आखण्यासाठी ती वापरात आणली. त्यांच्या आधी सित्रोएनमधल्या पॉल द कास्तेल्यो यांनी याच गणितावर काम केलं होतं. त्या रेषेनं मी तांब्याचं पोट काढते. गळा जिथं सर्वांत अरुंद, पोट जिथं सर्वांत रुंद, बूड जिथं टेकतं, एवढ्याच ठिकाणी बिंदू द्यायचे आणि मधलं सगळं रेषेवर सोडायचं. हे करताना तांबटाची आठवण येते. त्याच्याकडे गणित नव्हतं. पत्रा होता, हातोडी होती. मठारकामाचा एकेक ठोका देत त्यानं तीच वक्ररेषा पत्र्यातून काढली होती.

३. अर्धं काढून आरशासारखं उलटवलं की तांब्या पूर्ण होतो. ही सोय फार मोठी आहे आणि मी ती रोज वापरते. पण विळीनं मला शिकवलं की आकार तयार झाल्यावर त्यात झीज परत घालावी लागते. धार लावून लावून पातं मधोमध आत गेलेलं असतं. पाटावर बसणाऱ्या पायाखालची कड गुळगुळीत झालेली असते. हंड्याला पोचा येतो, तोही बहुधा ठरलेल्याच जागी. कमरेवर घ्यायची ती बाजू, विहिरीच्या काठाला लागायची ती बाजू. पोचा पुसून काढला तर दुकानातला हंडा उरतो, घरातला जातो. कुठला पोचा ठेवायचा यावर माझा बराच वेळ जातो, आणि तो वेळ मला योग्य कामी लागला असं वाटतं.

४. धान्याची मापं काढताना मी थक्क झाले. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. दर पायरीला धान्य दुप्पट. मग चिपट्याचं चित्र निवडायचं, दोनशे टक्के करायचं, की झालं मापटं, असं कुणालाही वाटेल. पण उंची दुप्पट, रुंदी दुप्पट आणि मागची खोलीही दुप्पट झाली की आत आठपट धान्य मावतं. म्हणजे ते चित्र मापटं आणि शेर ओलांडून थेट अधोलीवर जाऊन पोचतं! मापट्यासाठी चिपटं फक्त १२६ टक्के करावं लागतं. आणि सगळी मापं एकाच घडणीची धरली, तर चिपट्याच्या सोळापट धान्य घेणारी पायली उंचीला चिपट्याच्या जेमतेम अडीचपट भरते. आकडा आला तरी माझा विश्वास बसेना. गल्लीतल्या एका घरी जुनी लोखंडी मापं होती, त्यांना पट्टी लावून आले तेव्हा बसला.

ही मापं घडवणाऱ्याला घनमूळ कुणी शिकवलं असेल? बहुधा कुणीच नाही. एका मापानं दुसरं भरून बघायचं, कमी पडलं तर पत्रा वाढवायचा, हीच त्याची रीत असावी. दशमान वजनमापं १९५८ पासून लागू होत गेली आणि ही मंडळी बाजारातून मागे सरली, पण घरात ज्वारी-तांदूळ काढायला पुढं कितीतरी वर्षं राहिली. मी ही मापं रिकामी काढत नाही, शीग लावलेली काढते. कारण शीग धरायची की माप सपाट करायचं यावर देणाऱ्याची दानत कळायची, असं जुनी माणसं सांगतात. रिकाम्या मापात ते येत नाही.

५. पितळ पिवळं नसतं. निदान स्क्रीनवर तरी नसतं. पिवळ्या रंगानं तांब्या भरला तर प्लास्टिक दिसतं. खऱ्या तांब्यावर काळपट तपकिरी पट्टा असतो, त्याला खेटून जवळजवळ पांढरा, कडेला खिडकीतल्या झाडाचा हिरवा, खाली फरशीचा रंग. पिवळा या सगळ्यांच्या फटीत उरलेला. चिंचेनं नुकतंच घासलेलं पितळ फिकट दिसतं, चार दिवसांनी ते खोल होतं. पातेल्याच्या आत कल्हई असते, तिथं रंग एकदम चंदेरी राखाडी होतो, आणि ही आतबाहेरची हद्द काठावर स्वच्छ दिसली पाहिजे. नाही तर त्यात आमटी-भात शिजत होता हे कुणाला कळणार नाही. आमच्या कोल्हापूरचे आबालाल रहमान कोटितीर्थ आणि रंकाळ्याचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. पूर्वी मला प्रश्न पडायचा, जागा तीच तर इतक्यांदा कशाला? आता एकच तांब्या खिडकीत सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला ठेवून बघते, आणि प्रश्न उरत नाही.

६. काच काढायची म्हणजे काचेला हातच लावायचा नाही. कराडजवळच्या ओगलेवाडीला ओगल्यांच्या काच कारखान्यात तयार होणारा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रातल्या घराघरांत होता. त्याची काच मी कडेच्या दोन रेषा, एक बारीक चमक आणि वर धरलेली काजळी एवढ्यावर सोडते. बाकी जे दिसतं ते काचेच्या पलीकडचं: वात, ज्योत, मागची तार. काजळी मात्र हवीच. रोज संध्याकाळी ती राखेनं पुसायचं काम घरातल्या कुणा पोरीकडे असायचं.

७. नक्षी गाळताना हात आखडता घ्यावा. छोट्या आकारात चित्र स्वच्छ दिसावं म्हणून बारीकसारीक काढून टाकायची आमच्या कामात पद्धत आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते आणि वज्री बघितल्यापासून माझा हात थांबतो. सुपारी कातरायच्या साधनाला मोर आणि घोडे, टाच घासायच्या वज्रीच्या मुठीवरही आकृत्या. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमाराला जमवायला सुरुवात केली आणि राजा या लहानपणीच गेलेल्या मुलाचं नाव संग्रहाला दिलं. ज्या घरात खायची भ्रांत असेल तिथंही टाच घासायची वस्तू सुंदर हवी असं कुणालातरी वाटत होतं. ती नक्षी मी चित्रातून कशी काढू?

८. चित्राबरोबर माहिती राहिली नाही तर चित्र मुकं होतं. एसव्हीजी प्रकारची फाइल आतून साधा मजकूर असते: रेष इथून तिथं, रंग अमुक. त्या मजकुरात शीर्षक आणि वर्णन लिहायला जागा ठेवलेली आहे, आणि तिथं देवनागरी चालते. मी तिथं वस्तूचं घरातलं नाव, गाव, उंची, रुंदी, धातू आणि ती कशासाठी वापरत हे लिहिते. चित्र कुठंही गेलं तरी हे त्याच्या पोटात जातं. मला हे सगळ्या रंगकामापेक्षा महत्त्वाचं वाटतं. चित्र दुसरं कुणीही माझ्यापेक्षा चांगलं काढेल. पण ज्यांना नाव आणि वापर ठाऊक आहे ती माणसं थकत चालली आहेत.

म्हणून तुम्हाला एक विनंती. घरात अशी एखादी वस्तू असेल तर तिचे समोरून, बाजूनं आणि बरोबर वरून असे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि ती वापरलेलं माणूस घरात आहे तोवर तिचं नाव, माप आणि वापर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.